खीर नाकारली, म्हणून पुडी विकली गेली

गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. आमच्या विहारात दरवर्षीप्रमाणे खीरदान होते. वंदना झाली, रांग लागली. महिला मंडळाच्या तिघीजणी वाढायला उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या कोपरापासून मनगटापर्यंत जाड चट्टे होते आणि चट्ट्यांवर पांढरा कोंडा. रांगेतल्या एका बाईने आपला द्रोण मागे घेतला आणि शेजारच्या वाढणारीपुढे धरला. तिच्या मागच्या दोघींनीही तेच केले. कोणी एक शब्द बोलले नाही. त्या वाढणारीने डाव पातेल्यात ठेवला, पदराने हात झाकला आणि मागच्या दाराने ती निघून गेली.

मी तिथेच पाण्याचे ग्लास भरत होते. तीस वर्षे दवाखान्यात नर्स म्हणून काढली, वस्तीत मला सगळे सिस्टरच म्हणतात. तो आजार काय आहे हे मला दिसत होते. तरी मी त्या वेळी तोंड उघडले नाही. कार्यक्रमात उगाच वाद नको, असे वाटले. त्या गप्प बसण्याचे काय झाले ते लिहिण्यासाठी हे पान मागून घेतले आहे.

बाई आमच्याच गल्लीतली, मला ताई म्हणते. तीन घरी धुणीभांडी करायची. आधी डोक्यात खवले यायला लागले, तेव्हा कोंडा समजून तिने शाम्पू बदलला. मग कोपरावर चट्टा आला. नायटा असेल म्हणून नवऱ्याने मेडिकलमधून ट्यूब आणली. आठ दिवसांत चट्टा गेला, पंधरा दिवसांत परत आला, आणि येताना मोठा होऊन आला. नाक्यावरच्या डॉक्टरने सुई दिली. तेही तसेच झाले. खीरदानानंतर मात्र ती विहारात यायचीच बंद झाली. हायवेच्या कडेला एक तंबू लागला होता, गुडघेदुखीपासून कोडापर्यंत सगळ्याचे औषध देणारा. त्याने सांगितले, "जडीबुटी आहे, मुळापासून जाईल." महिन्याला तीन हजार रुपयांच्या पुड्या. आणि खरेच, महिनाभरात अंग साफ झाले. चेहरा भरला, भूक वाढली, वजन वाढले. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, बघा, तब्येत सुधारली.

चौथ्या महिन्यात पैसे संपले, पुडी बंद झाली. पंधरवड्यात अख्खे अंग लालभडक. कातडीचे पापुद्रे अंथरुणात झडायचे, पायांवर सूज, आणि भर ऑक्टोबरच्या उकाड्यात ती दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. मी तिला रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. बारा दिवस वॉर्डात होती. डॉक्टरांनी विचारले, पुडीत काय होते? कोणालाच माहीत नव्हते. ती पुडी कोणी प्रयोगशाळेत तपासली नाही, म्हणून मी शपथेवर काही सांगणार नाही. पण तोंड गोल होणे, भूक खवळणे, झटपट आराम पडणे आणि औषध बंद करताच आजार दुप्पट उलटणे, ही पोटातून गेलेल्या स्टेरॉईडची खूण प्रत्येक नर्सच्या ओळखीची असते.

आता मला जे म्हणायचे आहे ते असे. ती पुडी तंबूवाल्याने विकली खरी, पण गिऱ्हाईक आपण पाठवले. चट्टा अंगावर असला तरी जिच्या हातची खीर लोक घेतात, तिला तो महिन्याभरात घालवायची घाई नसते. ती सावकाश उपचार घेऊ शकते. आणि सोरायसिसचा खरा उपचार सावकाशच असतो.

हा आजार शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका साबणाने, एका अंथरुणात निजल्याने, कशानेच होत नाही. त्यात जंतू नाही, बुरशी नाही. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नव्या पेशी तयार होऊन वर यायला साधारण एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकीचा इशारा देते आणि महिन्याचे काम चार-पाच दिवसांत उरकले जाते. भट्टीतून कच्च्याच विटा काढून एकावर एक रचाव्यात, तसा तो थर जमतो. तोच आपल्याला कोंडा म्हणून दिसतो. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली ठराव करून हा असंसर्गजन्य, दीर्घकाळ चालणारा, वेदना देणारा आजार असल्याचे मान्य केले. तो कायमचा घालवणारा उपाय अजून नाही, हेही त्याच ठरावात आहे. म्हणून कोणी "मुळापासून" म्हणाले की तिथूनच परत फिरा. आजार काबूत राहतो, वर्षानुवर्षे शांतही राहतो, पण मूळ उपटून देणारा अजून जन्माला आलेला नाही.

लोक घाबरतात ते कुष्ठरोगाला. युरोपातही शेकडो वर्षे हे दोन्ही आजार एकच समजले जात. व्हिएन्नाच्या हेब्रा या डॉक्टरने १८४१ साली ते स्पष्टपणे वेगळे केले. आपल्याकडे आयुर्वेदात बहुतेक सगळ्या त्वचारोगांना 'कुष्ठ' म्हणतात आणि सोरायसिसशी जुळणाऱ्या रोगाला 'एककुष्ठ'. वैद्याने तो शब्द उच्चारला की घरात रडारड सुरू होते. ढोबळ फरक सांगते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला स्पर्श, टोचणे कळत नाही, तो सहसा खाजत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला सगळे कळते, तो खाजतो आणि त्यावर चंदेरी खवले असतात. नायट्याची कडा गोल, उठावदार आणि मधला भाग साफ होत जातो, आणि नायटा मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो. (कुष्ठरोगही आता औषधांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. त्या रुग्णालाही दूर लोटायचे कारण नाही.) पुस्तकातल्या चित्रांत सोरायसिस गुलाबी-लाल दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट किंवा करडा-तपकिरी दिसतो, म्हणून कधी कधी डॉक्टरही चकतात. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवा. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खळगे पडले असतील तर तेही दाखवा.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा वाईट रोग झाला होता. अंगातून लस यायची, चीवर अंगाला चिकटायचे, आणि भिक्खू पाण्याने भिजवून भिजवून ते सोडवत. भगवान बुद्धांनी ते पाहिले, काय झाले म्हणून विचारले आणि खाज, फोड, खपल्या असलेल्यांसाठी औषधी चूर्ण वापरायची परवानगी दिली. मला त्यात चूर्णापेक्षा ते चीवर सोडवणारे हात महत्त्वाचे वाटतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जायचे, ज्यांच्या माणसांनी १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी हाताने उचलले, त्यांच्या विहारात हात बघून द्रोण मागे घेतला जावा, हे मला अजून गिळवत नाही.

आता उपचाराकडे येते. वस्तीत वाद असतो तो "नैसर्गिक बरे की इंग्रजी बरे" असा. हा प्रश्नच चुकीचा आहे. औषधात काय आहे, किती आहे आणि काही बिघडले तर जबाब कोण देणार, एवढे विचारा. औषध झाडाचे असो की कारखान्याचे.

एक मजेदार इतिहास सांगते. पूर्वी आपल्याकडे 'गोवा पावडर' नावाचे एक औषध नायट्यावर चालायचे. नाव गोव्याचे, पण ती पावडर ब्राझीलमधल्या आरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत ती गोव्यात यायची. लंडनच्या बामॅनो स्क्वायर या डॉक्टरने १८७६ च्या सुमारास ती सोरायसिसवर लागू पडते असे दाखवले. पुढे तिच्यातला गुणकारी अंश वेगळा काढला गेला. पहिल्या महायुद्धात माल मिळेना, तेव्हा १९१६ साली जर्मनीत त्याच्याशी मिळताजुळता पदार्थ प्रयोगशाळेत बनवला, तो डिथ्रॅनॉल. कातडी भाजते, कपड्यांना डाग पडतात, म्हणून किती टक्के, किती मिनिटे हे ठरवून तो वापरतात. बावचीचेही तसेच. तिच्या बियांत सोरालेन असते. सोरालेन घेऊन ठरावीक अतिनील किरण अंगावर घ्यायचे, हा उपचार १९७४ पासून जगभर रुजला. पण बावचीचे तेल घरी चोळून उन्हात बसाल तर फोड येतील, भाजेल. वनस्पती तीच. मोजून दिली तर औषध, न मोजता दिली तर इजा.

तेव्हा घरचे उपाय फेकून द्या असे मी म्हणत नाही. उलट सोरायसिसच्या उपचाराचा पाया घरातच आहे, आणि तो आहे तेल. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, अंग टिपून घ्यायचे, आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन लावायचे. दिवसातून दोन-तीन वेळा. यात शोभा नाही, जाहिरात नाही, म्हणून कोणी सांगत नाही. पण भेगा, खाज आणि आग यावर एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. डोक्यात रात्री तेल मुरवून सकाळी खवले अलगद सुटू द्यावेत, मग डांबराचा शाम्पू. वास येतो, पण काम करतो. वज्रीने घासणे मात्र आजपासून बंद. सोरायसिसच्या कातडीला जिथे ओरखडा पडतो, तिथेच नवा चट्टा उठू शकतो. मळ समजून खवले घासून काढणाऱ्या किती बायका मी पाहिल्या! आणि एक सावधगिरी: तेल-जेली मुरलेला गाऊन किंवा ओढणी पटकन पेट घेते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत शेगडी हाताच्या अंतरावर असते, तेव्हा ते कपडे घालून स्वयंपाक करू नका.

कोरफडीचा गर लावल्याने थंड वाटते, काहींना थोडा फायदा होतो. हळदीने बिघडत नाही, पण चट्टा हळदीने जाईल या भरवशावर राहू नका. लसूण, लिंबू, चुना, फिनेल असले काही चट्ट्यावर लावू नका, कातडी जळते आणि जळल्या जागी आजार वाढतो. कोवळे ऊन चांगले. पण आमच्या गल्लीत ऊन उतरतच नाही. तेव्हा विहाराच्या गच्चीवर सकाळी दहा-पंधरा मिनिटे चट्ट्यांवर ऊन घ्यावे, भाजेपर्यंत बसू नये. पथ्याच्या नावाखाली मासे, अंडी, वांगी, आंबट सगळे बंद करून बायकांना अशक्त करून ठेवतात. त्याला भक्कम आधार नाही. आधार आहे तो दारू आणि विडी-सिगारेट सोडायला, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवायला. नवऱ्यांना हे पथ्य सांगितले की ते वांग्यावरच खूश असतात!

घशाला जंतुसंसर्ग झाल्यावर, विशेषतः मुलांमध्ये, अंगभर थेंबासारखे चट्टे उठू शकतात. रक्तदाबाच्या किंवा मलेरियाच्या काही गोळ्यांनीही आजार वाढतो. म्हणून नवीन औषध सुरू करताना सोरायसिस आहे हे डॉक्टरला आधी सांगावे. चिंतेने, भांडणाने, अपमानाने तो भडकतो, हे तर त्या बाईला सांगायची गरज नव्हती.

दवाखान्यातली औषधे पायऱ्यापायऱ्यांची असतात. चट्टे थोडे असतील तर मलम. त्यात सॅलिसिलिक अॅसिड खवले मऊ करते, कॅल्सिपोट्रिऑल पेशींची घाई आवरते आणि स्टेरॉईड सूज उतरवते. होय, स्टेरॉईड मलम हे सोरायसिसचे खरे औषध आहे, मी त्याच्या विरोधात नाही. माझा विरोध चिठ्ठीविना घेतलेल्या त्या 'मिक्स' ट्यूबला आहे, जिच्यात बुरशीचे, जंतूचे आणि जहाल स्टेरॉईडचे औषध एकत्र कोंबलेले असते. नायटा असला तर तो दबून आतल्या आत पसरतो. सोरायसिस असला तर महिनोन्‌महिने चोळून कातडी कागदासारखी पातळ होते, जांघेत कायमच्या रेघा पडतात. केंद्र सरकारने २०१८ साली अशा बऱ्याच स्टेरॉईड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. आमच्या नाक्यावर ती आजही शेंगदाण्यासारखी मिळतात. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉईड. डॉक्टरने दिले असेल तर कुठे लावायचे, किती दिवस आणि कसे कमी करायचे हे विचारून घ्या. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत येईल एवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

चट्टे जास्त असतील तर अतिनील किरणांचा उपचार असतो. तो चांगला आहे, गरोदर बाईलाही बहुधा देता येतो. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने जावे लागते, आणि ओपीडी सकाळची. धुणीभांडी करणारीने, नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराने आठवड्याच्या तीन रोजंदाऱ्या कुठून सोडायच्या? लोक उपचार अर्धवट टाकतात आणि केस पेपरवर 'रुग्ण आला नाही' असा शेरा पडतो. केईएम, सायन, नायर, ससून, घाटी, नागपूरचे मेडिकल, या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत. किरणांचा उपचार आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी द्यावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी. जयंतीच्या मंडपासाठी नगरसेवकाकडे आपण चार खेटे घालतोच, एक यासाठी घालू.

त्यापुढची गोळी मेथोट्रेक्सेट. ती जुनी, स्वस्त आणि परिणामकारक आहे, आमच्या बाईला तीच चालू आहे. पण हिच्याबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा: ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. वाचता न येणाऱ्या सासूबाईंच्या हाती डबा असेल तर वार ठरवा आणि बाकीच्या गोळ्या वेगळ्या ठेवा. सोबत फॉलिक अॅसिड देतात. रक्ताची आणि यकृताची तपासणी वेळेवर करायची. दारू पूर्ण बंद. गरोदर बाईने किंवा मूल हवे असलेल्या बाईने ही घ्यायची नाही, पुरुषानेही मूल हवे असेल तर आधी डॉक्टरला विचारायचे. याहून महाग इंजेक्शनेही आता आली आहेत, बायोलॉजिक म्हणतात, खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा. कुठे योजनेतून मिळाली तर आधी क्षयाची तपासणी करून घेतल्याशिवाय टोचून घेऊ नका. काही इंजेक्शनांनी अंगात झोपलेला क्षय जागा होतो, आणि आपल्या वस्त्यांमध्ये क्षय काही परका नाही.

सकाळी उठल्यावर सांधे आखडत असतील, एखादे बोट अख्खेच्या अख्खे सुजले असेल, टाच दुखत असेल तर ती वाताची गोष्ट म्हणून सोडू नका. सोरायसिसच्या दहातल्या दोन-तीन जणांना सांध्यांचा आजारही होतो आणि उशीर केला तर बोटे वाकडी होऊन राहतात. आणि कोणी महिनोन्‌महिने पुडी किंवा स्टेरॉईडची गोळी घेत असेल तर ही वाचून घाबरून एकदम बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील. अंग लाल होऊन थंडी वाजली, किंवा पिवळ्या पुळ्या अंगभर उठल्या तर त्याच दिवशी रुग्णालय.

लग्नाचा प्रश्न मला नेहमी विचारतात. आई किंवा बाप यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. लपवून लग्न जमवू नका, आणि सांगितले म्हणून मोडूही नका.

आमची बाई आता बरी आहे. चट्टे पुसट झाले आहेत, गुडघ्यावरचे दोन तसेच आहेत. तीन घरांपैकी दोन घरांनी तिला कामावर परत घेतले नाही. तिसऱ्या घरच्या बाईंना मी केस पेपर घेऊन भेटले, त्यांनी घेतले.

वर्षावासात आम्ही दर रविवारी वंदनेनंतर एक परात मांडतो. ज्याने त्याने घरातल्या ट्यूबा, पुड्या, अर्धवट गोळ्यांची पाकिटे आणून त्यात टाकायची. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली बारीक अक्षरे मोठ्याने वाचतात, मी त्याचा अर्थ सांगते, आणि ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याच्याबरोबर कोण जाईल ते तिथेच ठरते. ज्या पुडीवर काहीच लिहिलेले नसते, ती वेगळी काढून ठेवतो. पहिल्या रविवारी खीरदानात द्रोण मागे घेणारी ती बाईही आली होती. तिच्या ट्यूबवर क्लोबेटासोल होते, दीड वर्ष चोळत होती. मांडीवरचा चट्टा तिने कोणाला दाखवला नव्हता.